सेवकांच्या पाठीमागे

महाविद्यालयाच्या आयुष्यात जून महिना नव्या चेहऱ्यांचा आणि मार्च महिना निरोपाचा. पदवीचा विद्यार्थी तीनचार वर्षे राहतो आणि पांगतो. वक्तृत्वसभेचे किंवा क्रिकेटच्या संघाचे या येण्याजाण्याने फारसे बिघडत नाही. सेवामंडळाची गोष्ट मात्र निराळी आहे. समजा, पंधरावीस मुलामुलींनी शहरालगतच्या वस्तीत रात्रीचा वर्ग सुरू केला. जुलैपासून फेब्रुवारीपर्यंत तो उत्साहाने चालतो. मग परीक्षा जवळ येते, एकेक जण येईनासा होतो, आणि एका संध्याकाळी वस्तीतली मुले पाटी घेऊन ओट्यावर बसून राहतात; शिकवायला कोणीच येत नाही. पुढच्या वर्षी नवे विद्यार्थी नव्या उमेदीने तेथे जातात, तेव्हा मुले थोडी आणि आयांच्या डोळ्यांत अविश्वास पुष्कळ, असे दृश्य त्यांना दिसते. कोणीही वाईट वागलेले नसते. तरी अपाय झालेला असतोच.

हा अपाय टळावा म्हणून विद्यार्थ्यांच्या पाठीमागे एखादा प्रौढ मनुष्य असावा, ही कल्पना जुनीच आहे. तो कधी प्राध्यापक असतो, कधी गावातला डॉक्टर किंवा व्यापारी असतो. पाचपंचवीस महाविद्यालयांच्या मंडळांवर देखरेख करणारा असा माणूसही बहुधा आपला व्यवसाय सांभाळून, वेतनाशिवाय हे काम पत्करतो. परंतु त्याच्याविषयी एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. विद्यार्थ्यांना मार्ग दाखवणाऱ्या या माणसाला मार्ग कोणी दाखवायचा? चांगला मनुष्य आपोआप चांगला मार्गदर्शक होतो, असे आपण गृहीत धरतो. मराठी माणसाला ज्याचे नाव बडोदे म्हणून परिचित आहे, त्या वडोदरा शहराचा इतिहास या बाबतीत बरेच काही शिकवून जातो.

नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा एक मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक आला आणि १८८१ साली त्याच्या हाती राज्याचा पूर्ण कारभार आला. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. मात्र शिकलेला मुलगा पुस्तकाअभावी पुन्हा निरक्षर होतो, हेही त्यांच्या ध्यानात आले. म्हणून १९१० साली त्यांनी विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानात वाचनालयांचे जाळे विणण्यास आरंभ केला. बॉर्डन तीन वर्षे राहिले. त्या अवधीत त्यांनी ग्रंथपालनाचा वर्ग चालवला, कारण इमारती आणि पुस्तके असली तरी ती चालवणारा माणूस तयार करावाच लागतो, हे ते जाणत होते.

या चळवळीला खेड्यात पाय फुटले ते मोतीभाई अमीन यांच्यामुळे. १८७३ साली जन्मलेले मोतीभाई बडोद्याच्या महाविद्यालयात शिकले आणि पुढे पेटलादला शिक्षक झाले. सरकारी योजना येण्यापूर्वीच त्यांनी गावोगाव ‘मित्रमंडळ’ नावाची छोटी वाचनालये उभी केली होती. ती चालवणारे लोक पगारी नोकर नव्हते. कोणी शिक्षक, कोणी शेतकरी, कोणी शिकता तरुण. पुढे संस्थानाच्या ग्रंथालय खात्यात ग्रामीण विभागाचे काम मोतीभाईंकडे आले, तेव्हा या बिनपगारी माणसांना जोडून ठेवणे हेच त्यांचे मुख्य कार्य ठरले. गावाने वाचनालयासाठी जेवढी रक्कम जमवावी, तेवढीच जिल्ह्याच्या पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालावी, असा नियम होता. या नियमात मोठे शहाणपण होते. पहिला हात गावाचा, मग बाहेरच्यांचा. मदत करणाऱ्याने गावाच्या पुढे न धावता गावाच्या बरोबरीने चालावे, हे तत्त्व हिशेबाच्या वहीतच लिहून ठेवल्यासारखे झाले. सयाजीराव आणि मोतीभाई हे दोघेही १९३९ साली निवर्तले. पण गुजरातमध्ये ग्रंथालयाची गोष्ट निघाली की राजाच्या नावाबरोबर या शिक्षकाचेही नाव निघते.

त्याच काळात बडोद्यात आणखी एक शाळा भरत होती. तिला भिंती कमी आणि मैदान अधिक होते. जुम्मादादा व्यायाममंदिराचे राजरत्न प्रोफेसर माणिकराव तेथे तरुणांना व्यायाम आणि कवायत शिकवीत. इंग्रजी आज्ञांऐवजी देशी भाषेतील आज्ञांवर कवायत बसवण्याचा त्यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. तालमीतला वस्ताद स्वतःच्या बळासाठी नावाजला जातो खरा. तथापि त्याची खरी परीक्षा वेगळी असते. आपल्यावाचून आखाडा चालवू शकेल असा पठ्ठ्या त्याने तयार केला की नाही, यावरच ती ठरते. आजच्या सेवामंडळाच्या सल्लागाराला हा कस लावला, तर पुष्कळांची पंचाईत होईल.

असे हे शहर. महाविद्यालय होते, वाचनालये होती, व्यायामशाळा होत्या, दात्याची दृष्टी असलेला राजा होता. तरीही १९१७ सालच्या सप्टेंबरात या शहरात जे घडले ते विसरून चालणार नाही. बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात शिकलेले भीमराव आंबेडकर करारानुसार संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी आले. त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत ते कसेबसे राहिले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून घालवून दिले. त्यांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला. एक हिंदू होता, दुसरा ख्रिस्ती. पहिल्याने नोकरचाकर निघून जातील अशी सबब सांगितली. दुसऱ्याने पत्नीला विचारावे लागेल असे उत्तर दिले. आंबेडकरांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. मुंबईची गाडी सुटेपर्यंतचा वेळ त्यांनी कामाठी बागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, बसून काढला. आज त्या जागी ‘संकल्पभूमी’ आहे.

सेवेच्या इतिहासात ही घटना कोठे बसते, असे कोणी विचारील. ती अगदी मध्यभागी बसते. संस्था वरून उभारता येतात. शेजाऱ्यासाठी दार उघडण्याची सवय मात्र माणसामाणसांतून लावावी लागते. ज्याने तरुणांना सेवेस न्यायचे, त्याने प्रथम त्यांना हा प्रश्न विचारायला शिकवले पाहिजे, की या गावात दार कोणासाठी बंद आहे? हा प्रश्न न विचारता केलेली सेवा पुष्कळदा ज्यांचे दार आधीच उघडे आहे त्यांच्याच अंगणात झाडलोट करून परत येते.

महाविद्यालयीन तरुणांची सेवा आणि त्यांच्या पाठीशी उभे राहणारे प्रौढ यांचे एक जुने उदाहरण युरोपातील आहे. १८३३ साली पॅरिसमधील काही विद्यार्थ्यांना वादसभेत प्रतिपक्षाने टोमणा मारला की, तुमचा धर्म पूर्वी पुष्कळ करीत असेल, आज तुम्ही काय करता? फ्रेडेरिक ओझानाम हा वीस वर्षांचा विद्यार्थी त्यांच्यात होता. टोमणा मनाला लागला. त्या वर्षीच्या २३ एप्रिलला सहा विद्यार्थी एमान्युएल बैयी या चाळिशीच्या उंबरठ्यावरील संपादकाकडे जमले आणि सेंट व्हिन्सेंट द पॉल यांच्या नावाने पुढे जगभर पसरलेल्या सेवासंस्थेचा आरंभ झाला. बैयींनी त्यांना बसायला जागा आणि वडीलधाऱ्याचा आधार दिला. परंतु गरिबांची घरे कोठे आहेत, तेथे कसे जावे, काय न्यावे, हे त्यांना दाखवले रोझाली रांदू या जोगिणीने, जिचे आयुष्यच त्या गल्ल्यांत गेले होते. उत्साह तरुणांचा, स्थैर्य एका प्रौढाचे आणि वस्तीचे ज्ञान वस्तीत राहणाऱ्याचे, अशी ही तीन धाग्यांची वीण होती. यातला एक धागा तुटला की सेवामंडळ उसवते, याचा अनुभव पुढे सर्व देशांत आला.

आपल्याकडे ना. म. जोशी यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. सेवा ही एक विद्या आहे आणि ती शिकवता येते, हा विचार १९३६ साली मुंबईत निघालेल्या टाटांच्या समाजकार्य विद्यालयाने रूढ केला. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. श्रीमती हंसा मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू. त्यांच्या कारकिर्दीच्या प्रारंभीच तेथे समाजकार्याची स्वतंत्र विद्याशाखा सुरू झाली आणि त्यामुळे, सेवकांना वळण कसे लावायचे, याचे शास्त्र या शहरात आले.

या शास्त्रातला महत्त्वाचा भाग व्याख्यानांच्या दालनात नसतो. तो क्षेत्रकार्यात असतो. विद्यार्थी आठवड्यातील ठराविक दिवस वस्तीत, रुग्णालयात किंवा बालगृहात काम करतो. परत आल्यावर काय पाहिले, काय बोलणे झाले, आपण काय केले, हे लिहून काढतो. पर्यवेक्षक ते लेखन वाचतो आणि ठरल्या वेळी त्याच्याशी एकट्याने बोलतो. या बोलण्यात हुकूम नसतात, प्रश्न असतात. ती बाई गप्प बसली, तेव्हा तुला काय वाटले? तू लगेच औषधाचे पैसे का देऊ केलेस? तिने मागितले होते का? असे प्रश्न ऐकता ऐकता विद्यार्थ्याला वस्तीबरोबर स्वतःचाही परिचय होतो. आपल्या दयेत थोडा अहंकार होता, आपल्या घाईत थोडी भीती होती, हे त्याचे त्यालाच उमगते. चांगला पर्यवेक्षक उत्तर सांगण्याचा मोह आवरतो. आणि हा मोह आवरणे ही कला कोणाला जन्मतः येत नाही.

समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना असा पर्यवेक्षक लाभला. पण रसायनशास्त्राच्या, वाणिज्याच्या, इतिहासाच्या विद्यार्थ्यांचे काय? त्यांनाही सेवेची संधी मिळावी, यावर त्या दशकांत देशभर विचार चालला होता. पदवीपूर्वी काही काळ समाजसेवा आवश्यक करावी, अशी सूचना पंडित नेहरूंनी १९५८ साली मुख्यमंत्र्यांना लिहून केली. १९५९ साली चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. शालान्त परीक्षेनंतर आणि महाविद्यालयात जाण्यापूर्वी नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रसेवा सक्तीची असावी, असा तिचा अभिप्राय पडला. खर्च आणि अंमलबजावणीच्या अडचणी यांमुळे तो स्वीकारला गेला नाही. प्राध्यापक सैयदैन यांनी अन्य देशांतील पद्धती अभ्यासून १९६० साली सांगितले की, सेवा ऐच्छिक असावी. पुढे १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर समाजसेवेची जोड सुचवली. या आयोगाचे सदस्य-सचिव कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक होते. अखेर २४ सप्टेंबर १९६९ रोजी केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजनेचा आरंभ केला. प्रारंभी ४० हजार विद्यार्थी तीत होते. पुढे या योजनेचा विस्तार देशभर झाला आणि बडोद्याच्या विद्यापीठातही तिची एकके काम करू लागली.

सक्ती की इच्छा, हा वाद दहा वर्षे चालला आणि इच्छेच्या बाजूने निकाल लागला. त्याबरोबर एक जबाबदारी नकळत येऊन पडली. सक्तीच्या कामाला हजेरी घेणारा मुकादम पुरतो. स्वेच्छेच्या कामाला इच्छा जागी ठेवणारा माणूस लागतो. शंभर स्वयंसेवकांमागे एक कार्यक्रम अधिकारी, अशी या योजनेची रचना झाली. हा अधिकारी म्हणजे महाविद्यालयातीलच एक अध्यापक. तास घेणे, उत्तरपत्रिका तपासणे हे सर्व सांभाळून त्याने हे काम करायचे. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास सेवा करायची आणि एका विशेष शिबिरात राहायचे. कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या वर्गासाठी प्रशिक्षण केंद्रे नेमण्यात आली आणि त्यांपैकी काही समाजकार्याच्या विद्यालयांकडे सोपवली गेली. याचा अर्थ, मार्गदर्शकाला मार्गदर्शन हवे, ही गोष्ट या योजनेने प्रथमच देशव्यापी प्रमाणावर मान्य केली.

नियमात लिहिलेले सर्व प्रत्यक्षात उतरतेच असे नाही. शिबिरात विद्यार्थी उन्हात रस्ता खणत आहेत आणि गावकरी पारावर बसून पाहत आहेत, हे दृश्य अनेकांनी पाहिले असेल. पावसाळ्यात लावलेली रोपे उन्हाळ्यात पाण्यावाचून वाळतात. तास भरतात, अहवाल भरतो, छायाचित्रे निघतात. दोष विद्यार्थ्यांचा म्हणावा, तर ते अनुभवहीन असतात. दोष अध्यापकाचा म्हणावा, तर रोपाला पाणी घालणारा कोण, हे लावण्यापूर्वी विचार, असे त्याला कोणी कधी सांगितलेलेच नसते. मोतीभाईंच्या नियमातला गावाचा पहिला वाटा येथे विसरला गेला, एवढाच त्याचा अर्थ.

सरकारी योजनेबाहेरही हाच प्रश्न उभा राहतो. अमेरिकेत किवानिस संघटनेच्या छत्राखाली १९३६ साली वॉशिंग्टन स्टेट कॉलेजात सर्कल के या नावाने काम सुरू झाले आणि १९४७ साली इलिनॉय राज्यातील कार्थेज कॉलेजात त्याने विद्यार्थ्यांच्या सेवामंडळाचे रूप घेतले. १९६८ साली नॉर्थ कॅरोलिनातील शार्लट येथे रोटरीने पहिले रोटरॅक्ट मंडळ स्थापले. तो प्रकार भारतातही रुजला. या मंडळांत अध्यक्ष, चिटणीस, कोषाध्यक्ष सारे तरुणच असतात. मंडळामागे बहुधा पालक संस्थेचा प्रौढ सल्लागार असतो आणि अनेक मंडळे मिळून झालेल्या विभागावर आणखी अनुभवी मंडळी देखरेख करतात. विभागाची धुरा वाहणारा हा स्वयंसेवक विद्यार्थ्यांना क्वचितच भेटतो. त्याचा खरा संबंध येतो सल्लागारांशी. त्याच्या हातात कोणाची नोकरी नसते, वेतनवाढ नसते, शिक्षा करण्याचा अधिकारही नसतो. तो केवळ शब्दाने आणि वागण्याने काम चालवतो.

अशा माणसाने काय करावे? इतिहासातून निघणारी उत्तरे थोडी आणि साधी आहेत. पहिले, सल्लागार कामाची सूत्रे स्वतःच्या हाती घेत नाही ना, हे पाहावे. विद्यार्थ्यांची सभा चालू असताना प्रौढ मनुष्य बोलू लागला की सभा संपते आणि व्याख्यान सुरू होते. चुकू द्यावे, पण ज्या चुकीची किंमत वस्तीला मोजावी लागेल, तेथे मात्र वेळीच अडवावे. ही रेषा ओळखता येणे हेच सल्लागाराचे निम्मे शिक्षण. दुसरे, वही ठेवावी. कोणत्या घरी कोण आजारी आहे, कोणाला काय शब्द दिला आहे, वर्ग कोणत्या धड्यापर्यंत आला, हे लिहून पुढच्या तुकडीच्या हाती द्यावे. विद्यार्थी जातात, वही राहते. तिसरे, जाण्याची तयारी पहिल्या दिवसापासून करावी. राष्ट्रीय सेवा योजनेत कार्यक्रम अधिकाऱ्याची मुदत सामान्यतः तीन वर्षांची ठेवली आहे, तीही याच जाणिवेने. ज्या मंडळाचा सल्लागार वीस वर्षे तोच आहे, त्या मंडळाचे तो भूषण असेल. पण तो गेल्यावर तेथे काय उरेल, हा प्रश्न विभागप्रमुखाने त्याला प्रेमाने विचारलाच पाहिजे.

तरुणांवर विश्वास टाकण्याच्या बाबतीत प्रौढांच्या संस्थाही हळूहळू बदलल्या आहेत. २०१९ साली रोटरीने रोटरॅक्ट मंडळांना आपल्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे सभासदत्व दिले. पोरके समजून ज्यांचे बोट धरले होते, त्यांना पंगतीत शेजारी पाट मांडून दिला, असे म्हणावे लागेल. पाट शेजारी आला म्हणजे वडीलधाऱ्यांचे काम संपले असे नाही. ते अधिक नाजूक झाले. आज्ञा करणे सोपे असते, सोबत करणे कठीण.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीला पूर आला आणि वडोदऱ्याच्या अनेक वस्त्यांत पाणी शिरले. अशा वेळी तरुण अन्नाची पाकिटे घेऊन धावतात, हे या देशात सर्वत्र दिसते आणि ते अभिमानास्पदच आहे. परंतु पूर ओसरल्यावर काय होते, यावर सेवेची किंमत ठरते. चिखलात बुडालेली पाठ्यपुस्तके, भिजलेली शिधापत्रिका, ज्याचा हातगाडा वाहून गेला तो भाजीवाला, यांची आठवण पंधरा दिवसांनी कोणाला राहते? ती राहते, जर कोणा सल्लागाराने पुराच्या आधीच विद्यार्थ्यांना ती गल्ली घरोघर ओळखायला लावली असेल. आणि त्या सल्लागाराला कधीतरी कोणी विचारले असेल, की तुमची मुले या गल्लीतल्या किती जणांना नावाने ओळखतात?

आरंभी उल्लेखिलेला रात्रीचा वर्ग पुन्हा डोळ्यांपुढे आणावा. विद्यार्थी तेच, परीक्षा तीच, मार्च महिनाही तोच. फरक एवढाच की, वर्ग सुरू करतानाच सल्लागाराने विचारले, “मार्चमध्ये कोण शिकवणार?” विद्यार्थी विचारात पडले. त्यांनी वस्तीत चौकशी केली. सातवीपर्यंत शिकलेली एक आई सापडली. तिला त्यांनी जुलैपासूनच आपल्याबरोबर वर्गात बसवले, फळ्यावर लिहायला लावले. मार्चात विद्यार्थी परीक्षेला गेले आणि वर्ग चालूच राहिला. जूनमध्ये नवी तुकडी आली, तेव्हा तिला वस्तीची ओळख त्या बाईनेच करून दिली. सल्लागाराचे नाव तेथे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि त्याच्या कामाची याहून चांगली पावती दुसरी कोणती असू शकेल?